मोरपिशी अस्तर

सोमवारी सकाळी साडेनऊला मालोजी खडके गोडाऊनच्या दारातून आत शिरला आणि गेट वाजलं. आवाज काही मोठा नव्हता. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापल्यावर होतो तसा, एकदाच. पण मालोजीचा पाय होता तिथंच थबकला. या दाराच्या दोन्ही अंगांना दिवाळीनंतर माणसापेक्षा उंच असे दोन करडे खांब उभे केले होते, त्यांनाच सगळे गेट म्हणत. कपड्यांच्या गासड्या आत-बाहेर जाताना एकेका नगाला शिवलेली पट्टी हे खांब हवेतल्या हवेत वाचायचे आणि कुठला नग केव्हा आला, केव्हा गेला ते पडद्यावर उमटायचं. माणसांशी खांबांना काही देणंघेणं नव्हतं. नुसत्या माणसाला ते ओळखतही नसत, आणि मालोजीला त्यांचा तेवढा एकच गुण आवडायचा. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. देवास नाक्याचा रस्ता, एक उभा ट्रक, ट्रकच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. त्याच्या हातात डब्याची पिशवी होती, खिशात चष्मा, फोन, रुमाल. आत टेबलाशी बसलेल्या पीयूषनं पडद्यावरून मान न उचलताच हाक मारली, "काका, तुमच्यासोबत एक नग आत आला ना!" मग त्यानं पुढं वाचलं, "महेश्वरी ब्लाउजपीस. मोरपिशी, लहरीचा काठ. अरे भिया, हा तर जानेवारीपासून मिसिंग होता!"

मालोजी हसला. हसू चेहऱ्यावर नीट बसलं की नाही कोण जाणे, पण पीयूष कुठं पाहत होता. "तुझं मशीन, तुलाच मालूम," असं म्हणून मालोजी थेट बाथरूमकडे गेला. कडी लावून त्यानं आधी पँटचे खिसे उलटे केले. मग शर्टाची कॉलर चाचपली, पट्टा काढून पाहिला, बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची टोकं बाहेर ओढून पाहिली. छप्पन्न वर्षांचा माणूस एका पायावर उभा राहून मोजा तपासतोय हे समोरच्या आरशात दिसलं तेव्हा त्याची त्यालाच शरम वाटली. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, कारण आता ते कुठंही असू शकत होतं. बाहेर पीयूष कुणाला तरी फोनवर सांगत होता की घोस्ट रीड आहे, भिंतीवरून सिग्नल वापस येतो आणि कधी कधी नसलेला नग दिसतो. नसलेला कसा, मालोजी मनात म्हणाला. मोरपिशी रंग, लहरीचा काठ, एका बाजूला काठाचा धागा किंचित सुटलेला. तो नग गोडाऊनातून कसा गेला हे सगळ्या इंदूरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस हातात मोजा घेऊन इथं उभा होता. मग आज त्याच्या अंगावर तो कुणी घातला?

मालोजीला या गोडाऊनात सव्वीस वर्षं झाली होती. इंदूरातली तीन शोरूम आणि उज्जैन, रतलाम, धार, खंडवा मिळून चार, या सगळ्यांचा माल इथून जायचा, आणि तो मालोजीच्या हाताखालून जायचा. साड्यांच्या थप्पीच्या कडेवरून अंगठा फिरवला की त्याला आकडा कळायचा. कुणी पैज लावली तर तो डोळे मिटून सांगायचा. घराण्यातच होतं ते. त्याचे आजोबा, नाना, इंदूरच्या लालबाग महालात, महाराजांच्या जामदारखान्यावर, म्हणजे राजवस्त्रांच्या कोठीवर पहाऱ्याला होते. पाळी संपली की नाना कोठीच्या उंबऱ्यावर उभे राहायचे, खांद्यावरचा शेला काढून तीनदा झटकायचे, अंगरख्याच्या बाह्या उलट्या करून दाखवायचे आणि मगच पायऱ्या उतरायचे. याला झाडा देणं म्हणत. पाहायला कुणी असो वा नसो. राज्य गेलं, त्या महालात लोक तिकीट काढून फिरायला लागले, तरी नानांची सवय गेली नाही. किराणा दुकानातून निघतानाही ते पायरीवर शेला झटकायचे आणि दुकानदार बिचारा गोंधळून जायचा. मालोजीनं तेच उचललं होतं. रोज संध्याकाळी गोडाऊनच्या दारात तो रुमाल तीनदा झटकायचा. नवे हमाल हसायचे, जुने त्यांना सांगायचे, काकाजी का खानदानी मामला है. शेठजी एका दिवाळीला सगळ्यांपुढं म्हणाले होते की मालोजी आहे तोवर या गोडाऊनला कुलूप नसलं तरी चालेल. ते वाक्य मालोजीनं घरी आणून प्रेमलताला सांगितलं, पुण्यातल्या मुलाला, सार्थकला, फोनवर सांगितलं आणि मग कित्येक महिने स्वतःलाच सांगत राहिला.

मग पट्ट्या आल्या. बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी, आत केसासारखी तार. पाहणाऱ्याला वाटावं कंपनीचं लेबल आहे. त्यांची गरज होती हे मालोजी मनात कबूल करायचा. रतलामचं शोरूम हिरवी चंदेरी मागायचं, गोडाऊन म्हणायचं संपली, आणि ती सातव्या रॅकच्या तळाशी निवांत पडलेली असायची. दोन वर्षांनी निघायची ती घडीवर विरलेली. तुकोगंजच्या हेड ऑफिसातून पीयूष आला, एकोणतीस वर्षांचा, घरचा मराठीच, पण मराठीत चार वाक्यं बोलला की दमणारा. त्यानं हातात एक यंत्र धरलं आणि रॅकपुढून आरती ओवाळल्यासारखं फिरवलं. अकरा हजार नग, वीस मिनिटं. मालोजीला आणि चार माणसांना त्याच कामाला तीन दिवस लागायचे. वर त्या यंत्रानं, मालोजीनं गेल्या वर्षी नाहीत म्हणून लिहून टाकलेले एकशेचार परकर शोधून काढले. "काका, हे तर इथंच होते ना," पीयूष म्हणाला, अगदी सहज, मनात काही वाईट नसताना. पण त्या दिवसापासून मालोजीच्या अंगठ्याला काम उरलं नाही. तो थप्पीवरून अंगठा फिरवायचा, आकडा मनात यायचा, आणि विचारणारं कुणी नसायचं. अपमान कुणी केला असता तर भांडता तरी आलं असतं.

जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तो ते करून बसला. पीयूष बोलता बोलता म्हणाला होता की धातू आणि पाणी या दोन गोष्टी मशीनला आवडत नाहीत, त्यांच्या आडचं त्याला दिसत नाही. मालोजीनं ते ऐकून मनात ठेवलं. दुपारी जेवण झाल्यावर त्यानं स्टीलचा डबा धुतला, कोरडा पुसला, एक ब्लाउजपीस चार घड्या करून त्यात घातला आणि झाकण घट्ट लावलं. पुढच्या कामाच्या दिवशी तो पीयूषच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, घे, तुझ्या खांबांमधून गेला आणि आला. बस, एवढंच करायचं होतं. संध्याकाळी दारात त्यानं रुमाल तीनदा झटकला, हमाल हसले, तो खांबांमधून चालत गेला आणि गेट गप्प राहिलं. त्या गप्पपणात त्याला इतका आनंद झाला की सुदामा नगरपर्यंतचा रस्ता कधी सरला ते कळलं नाही. तो आनंद पीयूषच्या यंत्राला हरवल्याचा होता की नुसता एक नग नेता आल्याचा, हे त्यानं तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर पुष्कळदा विचारलं, आणि जे उत्तर यायचं त्यावर त्याचा कधीच विश्वास बसला नाही. घरी त्यानं तो नग कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि प्रेमलताकडे हळदीकुंकू. बायकांची वर्दळ नको म्हणून तो बाहेर निघून गेला, आणि परत येऊन पाहतो तर खण रिकामा. "अहो, तो मोरपिशी तुम्हीच आणला होता ना? छान होता. ओटीत देऊन टाकला," प्रेमलता म्हणाली. कुणाला, ते तिला सांगता येईना. "चाळीस बायका येऊन गेल्या, मला काय मालूम! का, देण्यासाठीच आणला होता ना?" यावर काय बोलणार? आणला नव्हता, चोरला होता, पण चोरायचा म्हणून नव्हे? मालोजी हो म्हणाला आणि त्यानं तिळाची वडी तोंडात टाकली.

फेब्रुवारीच्या गणतीत तो नग कमी आला. अकरा हजारांत एक. जुन्या दिवसांत एवढ्यासाठी कुणी मान वर केली नसती, पण यंत्राची ही पहिलीच अधिकृत गणती होती, हेड ऑफिसचे दोन साहेब ती पाहायला आले होते, आणि यंत्र नुसतं कमी आहे म्हणून थांबलं नाही. शेवटचं वाचन सातव्या रॅकवर झालं होतं आणि त्या दिवशी सातव्या रॅकवर विष्णू होता. विष्णू हमाल पंचेचाळिशीचा, बारा वर्षं मालोजीच्या हाताखाली. थप्पी उचलताना खालच्या साडीचा काठ दुमडू नये म्हणून आधी तळहात सरकवणारा. ही रीत त्याला मालोजीनंच शिकवली होती. शेठजींनी विचारलं, "मालोजी, आप बताओ." सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेपर्यंत आलंही होतं. पण हेड ऑफिसचे ते दोन साहेब, पीयूषचा कोवळा चेहरा, आणि कुलपाचं ते दिवाळीतलं वाक्य, सगळं एकदम त्याच्यासमोर उभं राहिलं, आणि तोंडातून निघालं ते असं, "मशीन खोटं कशाला बोलेल?" यंत्र आल्यापासून त्यानं त्याची बाजू घेतली ती तेवढी एकदाच. विष्णूला तिथल्या तिथं कामावरून काढलं. तो दारापर्यंत गेला, खांद्यावरचा गमछा काढला, तीनदा झटकला आणि निघून गेला. आता तो राजवाड्याजवळ ई-रिक्षा चालवायचा. मालोजीला तो दोनदा दिसला होता आणि दोन्ही वेळा मालोजीनं रस्ता बदलला होता.

त्या सोमवारी मालोजीचं कामात लक्ष लागणं शक्यच नव्हतं. विष्णूच असणार, असं त्यानं अकरापर्यंत ठरवलं. ज्या बाईला तो ब्लाउजपीस मिळाला ती कधी तरी विष्णूच्या रिक्षात बसली असेल, त्यानं ती पट्टी ओळखली असेल, मागून घेतली असेल आणि सिग्नलला उभ्या असलेल्या मालोजीच्या शर्टात मागून अलगद सरकवली असेल. सहा महिने वाट पाहिली त्यानं. बाराला त्याला हे हास्यास्पद वाटलं आणि पीयूषवर नजर गेली. एवढं यंत्र चालवणाऱ्याला पडद्यावर एक ओळ घालायला कितीसा वेळ? पोरगा वरवर काका काका करतो, पण दिवाळीपासून याच्या मनात आपल्याला घालवायचं असेल. पीयूष केळं खात होता आणि केळ्याच्या सालीकडे पाहून कशाला तरी हसत होता. ते हसूही मालोजीला साधं वाटेना. एक वाजता त्याला वाटलं शेठजीच. त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे, ते पाहताहेत हा किती दिवस गप्प बसतो. दोन वाजता त्याला कुणाचंच नाव सुचेना, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. डबा त्यानं उघडलाच नाही. संध्याकाळी दारात त्यानं रुमाल तीनदा झटकला. तो खांबांमधून गेला आणि गेट पुन्हा वाजलं. "काका, गेला बरं का बाहेर!" पीयूष आतून ओरडला, आणि दारात जमलेली सगळी माणसं खो खो हसली. मालोजीलाही हसावं लागलं.

घरी प्रेमलतानं पिशवीतून डबा काढला आणि हातानं तोलून पाहिला. "हा तर भरलेलाच आहे. बाहेर कुठं खाल्लं?" तिनं विचारलं. भूक नव्हती, तो म्हणाला. "भूक नव्हती! दाल-बाफले कुणी खाऊ घातले, खरं सांगा ना. तेल बघून खा बोललेत डॉक्टर." ती बोलत होती आणि मालोजी तिच्याकडे पाहत होता. एकतीस वर्षांच्या संसारात तो तिच्याकडे असा कधी पाहत बसला नव्हता, म्हणून तीही गडबडली. यांना आज झालंय काय, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मग त्यानं, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं, "संक्रांतीला तो मोरपिशी ब्लाउजपीस तू कुणाला दिला होतास? आठवून पाहा ना." प्रेमलतानं कमरेवर हात ठेवले. "सात महिन्यांनी तुम्हाला ब्लाउजपीस आठवून राहिला? कोण मागतंय?" कुणी नाही, तो म्हणाला. "कुणी नाही कसं? पुरुषाला ब्लाउजपीसची आठवण अशीच येते का?" दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. तिला काही तरी माहीत आहे आणि ती सांगत नाही असं त्याला वाटलं; त्याला काही तरी माहीत आहे आणि तो सांगत नाही असं तिला वाटलं, आणि तिचं खरं होतं. जेवणं उरकली. तिनं पिशवी खिळ्याला अडकवली, शिवणयंत्रावर झाकण घातलं, आणि मालोजी त्या झाकणाकडे, तिच्या फोनकडे, कपाटाच्या वरच्या खणाकडे आळीपाळीनं पाहत बसला. संशय घरात शिरला की वाटीचमच्यावरसुद्धा येतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मंगळवारी त्यानं निवडून निवडून सगळं बदललं. बूट नको, जुन्या चपला. पट्टा नको. दोरीवर वाळलेला शर्ट स्वतः काढून, झटकून, शिवणी चाचपून घातला. फोन, चष्म्याचं घर, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, सगळं स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि डिकीची किल्ली चौकीदाराकडे दिली. चौकीदार म्हणाला, "काकाजी, आज तो साधू बनके आए हो." मालोजी श्वास रोखून खांबांमधून गेला आणि गेट वाजलं. आता त्याच्या अंगावर पायजमा, शर्ट, रुमाल आणि हातात डब्याची पिशवी याखेरीज काही नव्हतं. बायकोवर संशय घेऊन झाला होता, पण तिच्या हातून आलेल्या पिशवीवर नाही. कारण ती रोजच येते, आणि रोज येणारी गोष्ट माणूस पाहत नाही. पिशवी नवी होती, एवढंच आता त्याला आठवलं. जुनीची चेन तुटली म्हणून प्रेमलतानं रविवारी सार्थकच्या जुन्या जीन्सची ही शिवली होती. तो गोडाऊनच्या टोकाला, नवव्या रॅकच्या मागं गेला, डबा काढून खाली ठेवला आणि पिशवीचं तोंड फाकवलं.

आत मोरपिशी अस्तर होतं. पिशवीच्या तोंडाशी आतून लहरीचा काठ फिरवला होता, हौसेनं, टाका न दिसू देता. एका कोपऱ्यात ती पांढरी पट्टी, लेबल समजून तशीच ठेवलेली. जानेवारीत ती स्टीलच्या डब्यात होती म्हणून गेट गप्प बसलं. आता ती डब्याच्या बाहेर होती. कापडावर कुंकवाचा फिकट डाग होता आणि घडीच्या रेषा विरल्या होत्या. पट्टीशेजारी पेन्सिलीनं काही तरी लिहिलेलं होतं. मालोजीला चष्म्यासाठी डिकीपर्यंत जाऊन यावं लागलं; येताना तो फोनही घेऊन आला. ही लिहायची रीत त्याला ठाऊक होती. प्रेमलताची तो त्यावरून थट्टा करायचा. ओटीत आलेला ब्लाउजपीस सहसा कुणी शिवत नाही, पुढच्या ओटीत देऊन टाकते. पण जिच्याकडून आला तिलाच परत गेला तर शोभा होते, म्हणून बायका कोपऱ्यात देणारीचं नाव बारीक अक्षरात लिहून ठेवतात. इथं चार नावं एकाखाली एक होती, चार वेगवेगळ्या हातांची. सगळ्यांत वर, गोल अक्षरात, 'प्रेम.' त्याखाली 'विनी.', मग 'मधु.', आणि शेवटी प्रेमलताच्या ताठ अक्षरात 'शशि.' मालोजीनं ती यादी दोनदा वाचली. सगळ्या घरी हळदीकुंकवाला येणाऱ्याच. प्रेमलताकडून विनीताकडे, तिच्याकडून मधुवंतीकडे, तिच्याकडून शशिकलाकडे आणि शशिकलाकडून परत घरी. पीयूषच्या पडद्यावर जे सात महिने कोरे होते ते इथं पेन्सिलीत लिहिलेलं होतं, आणि त्याची सुरुवात मालोजीच्या घरापासून होती.

त्यानं घरी फोन केला. "अहो हां, शुक्रवारी शशिकलाताईंकडे सवाष्ण म्हणून गेले होते ना, तेव्हा आला," प्रेमलता म्हणाली. "कुंकू सांडलेला, घडीवर गेलेला. असा कुणाला द्यायचा? म्हणून अस्तराला लावून टाकला. वरचं नाव? वरची नावं कोण वाचतं! काय? माझं आहे?" आणि मग ती मोठ्यांदा हसली. "हाय राम, म्हणजे आपलाच फिरून आला! म्हणून काल विचारून राहिले होते का तुम्ही? मला वाटलं काय आणि काय!" तिच्या आवाजातला कालचा सगळा संशय एका हसण्यात धुऊन गेला. मालोजीला हसता आलं नाही. कुणीही डाव रचला नव्हता. विष्णूनं नाही, पीयूषनं नाही, शेठजींनी नाही. त्याच्यावर या जगात कुणाचाही संशय नव्हता. दोन दिवस तो ज्या माणसाला शोधत होता तो माणूस म्हणजे मालोजी स्वतःच होता, आणि शेजारच्या पॅकिंगच्या टेबलावर कात्री त्याच्या हाताशी पडली होती. दोन टाके उसवले, पट्टी गटारात टाकली, की संपलं. त्यानं कात्री उचलली. पट्टीच्या कडेला टोक लावलं. प्रेमलताचा टाका फार बारीक होता, आणि तो उसवता उसवता त्याला विष्णूचा तळहात आठवला, थप्पीखाली सरकणारा. कात्री त्यानं परत ठेवली आणि डबा उघडून तिथंच, रॅकला टेकून, दोन दिवसांची भूक एकदम लागल्यासारखा तो जेवला.

सांगायचं तर गेटनंच सांगावं, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी गेट वाजेल, पीयूष ओरडेल, सगळे हसतील, आणि त्या हसण्यात पिशवी उलटी करून दाखवता येईल. आपण होऊन तोंड उघडण्यापेक्षा सापडणं त्याला सोपं वाटत होतं. सहाला सगळे दाराशी जमले. मालोजी पिशवी घेऊन खांबांमधून गेला. गेट गप्प राहिलं. त्याला वाटलं पिशवी शरीराच्या आड गेली असेल. तो परत आत आला, पिशवी हातभर लांब धरून पुन्हा गेला. गप्प. तिसऱ्यांदा तो आत आला तेव्हा पीयूष हसत उठला. "काका, किती वेळा जाता? तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह केला ना मी. कपडा तर गेला, त्याची चिप कुठं तरी तुमच्या चपलेला नाही तर गाडीला चिकटून फिरून राहिली असेल. तो नंबर इग्नोरमध्ये टाकला. आता नाही वाजणार. शेठजींना पण सांगितलं, ते बोलले, मालोजी को क्या चेक करना." मालोजीनं विचारलं, "आणि जानेवारीची नोंद?" "ती क्लोज. रिपोर्टमध्ये सापडला असं येईल." "आणि विष्णू?" पीयूषला आठवायला वेळ लागला. "कोण? अच्छा, तो लोडर. त्याचं काय?"

ते गप्प खांब मालोजीला जानेवारीसारखेच दिसत होते, पण आज त्यांच्या गप्पपणाचा त्याला राग आला. त्यानं डबा काढून पीयूषच्या हातात दिला. मग दाराच्या मधोमध, दोन खांबांच्या बरोबर मध्ये उभं राहून त्यानं पिशवी उलटी केली. मोरपिशी अस्तर बाहेर आलं, संध्याकाळच्या उन्हात त्याचा काठ चमकला, आणि त्यानं ती तीनदा झटकली. पोळीचे चार कण खाली पडले. हमाल हसायला लागले होते ते थांबले, कारण कापड ओळखणारी माणसं होती ती. "पीयूष, विष्णूचा नंबर असेल ना तुझ्या रेकॉर्डमध्ये? लाव," मालोजी म्हणाला. "आणि आवाज मोठा कर. सगळ्यांना ऐकू येऊ दे." पीयूषनं एकदा पिशवीकडे, एकदा काकांकडे पाहिलं आणि काही न विचारता फोन लावला. चौथ्या घंटीला तिकडून हॉर्नच्या गोंधळात आवाज आला, "हाँ जी, कौन?" मालोजीनं नाव सांगितलं. "काकाजी! राम राम काकाजी! कित्ते दिन बाद याद किया. तबियत तो ठीक है ना?" मालोजी फोनकडे वाकला, तोवर विष्णूच पुढं बोलला, त्याला धीर द्यावा तसा, "मन पे मत लेना काकाजी. मैं तो घरवाली को आज भी यही बोलता हूँ, काकाजी ने मुझ पे कभी शक नहीं किया. वो तो मशीन ने बोला था."

"विष्णू," मालोजी म्हणाला, "तो नग मी नेला होता." मग, ऐकण्यात काही चूक राहू नये म्हणून, त्यानं तेच वाक्य त्याच्या भाषेत पुन्हा सांगितलं, "मैं ले गया था." फोनमधून बराच वेळ नुसता राजवाड्याजवळच्या रस्त्याचा आवाज येत राहिला, आणि मालोजी उलटी पिशवी हातात धरून तो ऐकत उभा राहिला.